थ्रॉटलची वायर

६ जाने., सोम.
सायकल आली. मोटरची. निळी, पुढं टोपली, मधली दांडी खाली वाकवलेली, म्हणजे साडीवरही बसता येईल. सुनंदाचा हट्ट नव्हता, माझाच होता. मुकुंदवाडी ते हर्सूल, तिची शाळा सात कि.मी. रोज दोन शेअर रिक्षा, सिडको बसस्टँडला उतरून दुसरी पकडायची. स्कूटीला लायसन्स लागतं आणि तिला परीक्षेची भीती. (वीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांच्या घेते आहे.) या सायकलला लायसन्स लागत नाही.

दोन तऱ्हेनं चालते. उजव्या अंगठ्याखाली छोटी दांडी आहे, तो थ्रॉटल. दाबला की पाय न हलवता सायकल पळते. दुसरं पेडल असिस्ट. पेडल मारलं तर मोटर मागून जोर देते, नाही मारलं तर नाही देत. दुकानातच बजावलं: रोज असिस्टवर जायचं, थ्रॉटल अडीअडचणीला. सु. म्हणाली, "व्हय हो सर." माझ्या लॅबमधल्या पोरांच्या सुरात.

१२ जाने., रवि.
सकाळी मागच्या मोकळ्या प्लॉटवर सु.ची शिकवणी. त्रेचाळीस वर्षांत कधी सायकल चालवलेली नाही, हे मला लग्नानंतर वीस वर्षांनी आज कळलं. पैठणजवळच्या गावी भावाला सायकल मिळाली, हिला नाही. "पडली, हात मोडला, तर हिला करून कोण घेईल," असं वडील म्हणायचे. ही मागं कॅरिअरवर बसून शाळेत जायची, दप्तर दोघांचं हिच्या मांडीवर.

मी म्हणत होतो आधी पेडल शीक. ती म्हणाली, "पायांचं नंतर बघू. आधी चालू द्या." दोन्ही पाय जमिनीपासून चार बोटं वर लोंबकळत ठेवून थ्रॉटलवर पळाली. पहिल्या तासात तोल आला. तिसऱ्या फेरीला माझ्याकडं न बघता पुढं निघून गेली.

ओरडली काहीतरी. ऐकू आलं नाही. विचारलं तर सांगेना.

२० जाने., सोम.
सु. पहिल्यांदा सायकलवर शाळेत. मी मोटरसायकलवर मागून. आंबेडकर चौकात तिनं मागं वळून बघितलं आणि हातानं "जा" म्हणून सांगितलं. गेलो. कॉलेजला उशीर, प्रॅक्टिकलची मांडणी अर्धीच.
संध्याकाळी: "माझ्या मागं पोलीस लावल्यासारखं येऊ नका. बनसोडे बाई हसल्या." बनसोडे बाई तिच्या शाळेतल्या, स्कूटीवाल्या.

२६ जाने., रवि.
झेंडावंदन. पांढरी साडी, पदराला पिन, केसात अबोली, टोपलीत मुलांच्या खाऊचे पुडे. पहाटेच्या थंडीत निघाली. मी गॅलरीतून बघत होतो. पाय पेडलवर होते, पण फिरत नव्हते.

२८ जाने., मंगळ.
रिपोर्ट. सु.ची साखर रेषेच्या पलीकडे गेली. फार नाही, पण पहिल्यांदाच. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ताच नको, तीन महिने बघू. पायांना काम द्या. सु. लगेच म्हणाली, "मी सायकल चालवते की आता." डॉक्टर खूश.
बाहेर आल्यावर मी विचारलं, "पेडल मारतेस ना?"
"मारते की."
तिच्या आईची साखर आठवली. शेवटी शेवटी पायाची जखम भरेना, ते दिवस. ती जखम मीच रोज धुवायचो. सु.ला बघवायचं नाही.

२ फेब्रु., रवि.
आठवडाभर बॅटरीवर नजर ठेवली. डिस्प्लेवर पाच काड्या. असिस्टवर नीट पेडल मारत गेली, तर जाऊन येऊन एक-दीड काडी जायला हवी. काल मी स्वतः हर्सूलपर्यंत जाऊन आलो, एकच गेली. तिच्या रोज तीन जातात. म्हणजे सगळी वाट थ्रॉटल.
आज पुन्हा विचारलं, "मारतेस ना?"
"किती वेळा विचारता? मारते म्हटलं ना."
मनातल्या मनात वाटलं, सापडली. आणि ते वाटणं चांगलं नव्हतं, ते इथं लिहून ठेवतो.

४ फेब्रु., मंगळ.
थ्रॉटलची वायर काढली. सु. भाजी आणायला गेली होती. सीटखालच्या डब्याचे दोन स्क्रू, आत तीन तारांचा कनेक्टर, ओढला की सुटतो. दोन मिनिटांचं काम. धूळ जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना टेप गुंडाळली, चिठ्ठी लावली. हाताची सवय. डबा बंद.

काही तोडलेलं नाही. कधीही परत जोडता येईल. असिस्ट चालूच आहे, म्हणजे तिची सोय गेलेली नाही, फक्त पाय हलवावे लागतील. तिच्याच पायांसाठी.
हे तिला सांगून का केलं नाही, याचं उत्तर आत्ता माझ्याकडं आहे: सांगितलं असतं तर काढू दिली नसती.

५ फेब्रु., बुध.
सकाळी दारातूनच, "अहो, ते चालंना!"
मी गेलो, अंगठ्यानं दोनदा दाबून बघितलं. इतकं नाटक मला जमेल असं वाटलं नव्हतं. म्हटलं, आतला सेन्सर गेला असेल, पार्ट मागवावा लागेल, तोवर असिस्टवर जा.
ती थोडा वेळ त्या दांडीकडं बघत राहिली. मग गेली. निघताना डगमगली. मी धरलं नाही, कारण "पोलीस" म्हणाली असती.

६ फेब्रु., गुरु.
आज काय झालं ते जसंच्या तसं लिहायचं.

जेवणं झाल्यावर सु. म्हणाली, एक सांगायचंय, रागावू नका. मंगळवारी शाळेच्या फाटकात सायकल तिच्या हातून पडली होती. उजव्या बाजूवर. थ्रॉटलची दांडी जरा वाकली, तिनं हातानं सरळ केली, कुणाला सांगितलं नाही. "तेव्हाच आतलं काहीतरी दुखावलं असणार, घरी येईपर्यंत टिकलं इतकंच. एवढी हौसेनं आणली तुम्ही, आणि मी महिनाभरात मोडून ठेवली." रडायला लागली. भावाच्या सायकलला एकदा हात लावला म्हणून आईनं मारलं होतं, तेही मधेच सांगितलं. मला नीट कळलं नाही कारण ती रडत बोलत होती.

मी म्हणालो, "जाऊ दे. होतं असं."
पाठीवरून हात फिरवला.
म्हणजे मी तिला माफ केलं.

तिनं डोळे पुसले, म्हणाली, "तुम्ही लई चांगले आहात." आणि डब्यातली शेवटची चिक्की मला दिली, स्वतःला साखर म्हणून नको.
मी ती खाल्ली.

९ फेब्रु., रवि.
तीन दिवस काही लिहिलं नाही. गुरुवारी रात्रीच सांगता आलं असतं. ती रडत होती तेव्हा तर नक्कीच. तोंड उघडलंही होतं. पण तोवर तिची चूक एवढी मोठी झाली होती, की माझी तिच्या आड सहज मावली.
आता सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगायच्या. वायर काढली ती, आणि रडताना गप्प बसलो ती. पहिली सांगता येईल. दुसरी कशी सांगायची?

१४ फेब्रु., शुक्र.
मोरीत रॉकेलचा वास. सु. साडीचा काठ चोळत होती. चेनीचं काळं वंगण. पेडल मारताना काठ चेनीत जातो, थ्रॉटलवर जात नव्हता. हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी पँट घालतो.
"ड्रेस घालून जा ना शाळेत."
"घालीन. चार आहेत, दोन बसत नाहीत."
दोन ड्रेस उसवून सैल करायला शिंप्याकडं टाकले.

२० फेब्रु., गुरु.
आज पाणी आलं, आठव्या दिवशी. पहाटे साडेचारला नळ. सु. नेहमीप्रमाणे उठली, मीही. दोन ड्रम, वरची टाकी, सगळे हंडे, मग कळश्या. सहा वाजेपर्यंत तिचे खांदे भरून आले. मग सायकल काढली. मी म्हणालो, आज रिक्षानं जा. "पैसे भरून सायकल घेतली ती काय शोभेला?" असं म्हणाली आणि गेली.
हर्सूलकडं हलका चढ आहे. गाडीवर कळत नाही, सायकलवर कळतो. असिस्ट असला तरी.
अडीअडचणीला थ्रॉटल, असं मीच म्हणालो होतो दुकानात. आज अडचण होती.

२७ फेब्रु., गुरु.
सु. आज तासभर उशिरा आली. विचारलं तर "काम होतं." चेहरा उतरलेला वाटला. उन्हानं असेल. न जेवता पडून राहिली.

२ मार्च, रवि.
आज सु.नं विचारलं, "अहो, त्या पार्टचं काय झालं?"
"अजून आला नाही."
"कुठून मागवलाय?"
"पुण्याहून."
खोट्याला आता गावही मिळालं.
"बरं," म्हणाली. माझ्याकडं बराच वेळ बघत होती.

५ मार्च, बुध.
उपाशीपोटी साखर तपासली. उतरली. डॉक्टर म्हणाले, छान, काय करता? सु. म्हणाली, "हे करून घेतात माझ्याकडून." डॉक्टर हसले, मीही हसलो.
म्हणजे माझं बरोबर होतं? आकडा तर तसंच म्हणतो. लॅबमध्ये मी मुलांना सांगतो, उत्तर बरोबर आलं आणि रीत खोटी असेल तर शून्य मार्क. तिथं सांगायला सोपं आहे.

८ मार्च, शनि.
"पार्ट आला?"
"नाही."
"बरं."

१० मार्च, सोम.
सु. पडली.
आंबेडकर चौकातल्या सिग्नलला, सकाळी. डाव्या मनगटाचं हाड. सहा आठवडे प्लॅस्टर. डोक्याला काही नाही, देवाची कृपा. पुढं लिहवत नाही.

११ मार्च, मंगळ.
बनसोडे बाई येऊन गेल्या. त्या मागच्या रांगेत होत्या, त्यांनी बघितलं. सिग्नल सुटला, मागून टेंपोवाल्यानं हॉर्न दिला, सु.नं पेडल दाबलं, सायकल जागची हलली नाही, डगमगली, आणि मग एकदम उसळली. ती डावीकडं गेली. टेंपोवाल्यानं ब्रेक मारला म्हणून निभावलं. "आधी किती झोकात निघायची हो सिग्नलवरून, माझ्या स्कूटीच्या आधी. हल्ली काय झालं होतं काय की." मी चहा ठेवायला आत गेलो.

सु. प्लॅस्टरकडं बघून म्हणाली, "तुमचं बरोबर होतं. मला सायकल जमायची नाही. विकून टाका."
मी हे कधी म्हणालो होतो? पण ती म्हणाली, "तुमचं बरोबर होतं."

१३ मार्च, गुरु.
होळी. दुपारी सायकल स्टँडवर घेतली, हातानं पेडल फिरवून बघितलं. मोटर जागी व्हायला पेडलची जवळजवळ अर्धी फेरी लागते. त्या अर्ध्या फेरीत सायकल नुसती पायाच्या जोरावर. मग मोटर येते ती एकदम. ज्याला सायकल येते तो त्या अर्ध्या फेरीत सहज तोल धरतो. त्याला ती कळतही नाही. मला कळली नव्हती. मी आठव्या वर्षी शिकलो.
सु. थ्रॉटलवर शिकली. निघणं तिला तेवढं एकच येत होतं: बसायचं, अंगठा दाबायचा, पाय उचलायचे. तेच मी काढून घेतलं होतं. आळस नव्हता तो. निदान सिग्नलपाशी नव्हता.
फेब्रुवारीत हर्सूलपर्यंत चाचणी घेतली ती माझ्या पायांनी. चालवायची होती तिनं. लॅबमध्ये एवढी चूक पहिल्या वर्षाचा पोरगा करत नाही.

१६ मार्च, रवि.
सायकल शकीलभाईकडं नेली. बसस्टँडच्या अलीकडं त्याचं सायकलचं दुकान. हँडल वाकलंय, ब्रेकची दांडी तुटलीये. ठरवलं होतं की त्याच्याकडूनच वायरही जोडून घ्यायची. मी जोडली तर माझीच राहील, त्यानं जोडली तर निदान एका माणसाला कळेल. असा काहीतरी विचार.
त्याचा रोजा, तरी माझ्यासाठी चहा मागवला. नको म्हटलं तर, "पिओ सर, मेरा रोजा है, आपका थोडीच है."
मी म्हणालो, सीटखालचा डबा पण उघडून बघा, थ्रॉटल चालत नाही.
तो हातातला पाना ठेवून माझ्याकडं बघायला लागला.
"वो तो मैं देखा ना सर. मॅडम लाए थे पिछले महिने. धूप में ढकलत लाए, बोले, भाई, माझ्या हातून मोडलंय, घरी सांगू नका, गुपचूप दुरुस्त करून द्या. मैं खोला तो कुछ टूटा नै. वायर निकाल के रक्खी. टेप कितनी सफाई से, और चिठ्ठी बी. मेरे को लगा कंपनी का कागज है. मॅडम हात में लेके पढे."
"मग?"
"मैं बोला, जोड देतूं, दो मिनट का काम. बोले, नक्को. रहने दो. जैसा था वैसाच बंद कर दो." पाना पुन्हा उचलत, "पैसे बी दे रहे थे. मैं नै लिया. कायका लेऊं?"

डबा उघडला. चिठ्ठी तिथंच. माझं अक्षर. "थ्रॉ. काढली ४/२."
तारीख. मी तारीखसुद्धा घातली होती.

१७ मार्च, सोम.
२७ फेब्रु.ला उशिरा आली होती. वर लिहिलेलं आहे. म्हणजे त्या दिवसापासून तिला माहीत आहे. तिनं रडून चूक कबूल केली ६ तारखेला, आणि चिठ्ठीवर ४ तारीख.
त्यानंतर दोनदा विचारलं, पार्टचं काय झालं. मी पुणे म्हणालो.
आणि तशाच सायकलवर ती अकरा दिवस गेली.

२० मार्च, गुरु.
सु. एका हातानं लसूण सोलते. पाकळी ताटलीत धरून ठेवायला प्लॅस्टरचं टोक वापरते. मी म्हटलं, मी करतो. "राहू द्या, जमतंय." वेणी मात्र मी घालतो, तिथं तिचा इलाज चालत नाही. आज वेणी घालताना मागून सांगायचं ठरवलं होतं. चेहरा दिसत नाही, सोपं जाईल. मग वाटलं, सोपं जाईल म्हणूनच नको.
की हीही पळवाटच?

२४ मार्च, सोम.
सायकल आणली. थ्रॉटल जोडलेला. पत्र्याच्या शेडखाली, वर जुनी चादर. सु.नं खिडकीतून बघितलं, विचारलं काहीच नाही. मला वाटलं होतं विचारेल. विचारलं असतं तर बोललो असतो. म्हणजे अजूनही तिच्यावरच टाकतो आहे.

२८ मार्च, शुक्र.
माझ्याशी थोडा हिशेब. काळजी होती, हे खरं. तिच्या आईचा पाय मी धुतलाय. पण काळजी असती नुसती, तर मी तिच्याबरोबर पहाटे फिरायला गेलो असतो. ते मला जमलं नसतं असं नाही. मला उठायचा कंटाळा. म्हणून तिच्या पायांना कामाला लावलं आणि माझे पाय अंथरुणात.
आणि दुसरं. ती माझ्याशी खोटं बोलली, "मारते की" म्हणाली, त्याचा राग होता. थोडा. तो मी काळजीच्या खात्यात टाकला.

३० मार्च, रवि. पाडवा.
गुढी मी उभारली, सु.नं एका हातानं हळदकुंकू. कडुनिंब खाताना दोघं स्वयंपाकघरात उभे होतो. सांगितलं. एका दमात. वायर मी काढली, पार्ट मागवलाच नव्हता, तू रडलीस तेव्हा मला माहीत होतं तुझी चूक नाही, आणि मी गप्प बसलो. शकीलभाईनं मला सांगितलं, हेही.

ती आधी पाणी प्यायली.
"चौदा दिवस झाले तुम्ही त्याच्याकडून येऊन," म्हणाली. तिनंही मोजलं होतं.
मी म्हणालो, तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस?
"मला वाटायचं, आज सांगतील. रविवार आला की वाटायचं. मी विचारायची पार्टचं, म्हणजे तुम्हाला सोपं जावं म्हणून. तुम्ही पुणं काढलं."
"आणि सायकल तशीच का चालवलीस? जोडून घ्यायची."
"मग तुम्हाला कळलं असतं की मला कळलंय. मग तुम्ही घाबरून सांगितलं असतं."
"पडल्यावर तरी..."
"पडल्यावर हातासाठी माफी मागितली असती तुम्ही. हाताचं काय, हात जुळतंय. मला त्या रात्रीची पाहिजे होती. मी तुमच्यापुढं रडले, आणि तुम्ही मला 'होतं असं' म्हणालात. माफ केलं मला! वर माझी चिक्की खाल्ली."

मी माफी मागितली. त्या रात्रीची. शब्द इथं लिहीत नाही, लिहिले तर चांगले दिसतील.
ती म्हणाली, "मी पण खोटं बोलले. पेडल नाय मारलं एक दिवसबी. अहो, आयुष्यात पहिल्यांदा पाय न ओढता कुठंतरी जात होते मी. शाळेत उभं, घरात उभं, नळापाशी उभं. पाऊण तास बसून वारा खाल्ला तर साखर वाढली म्हणता."
मग म्हणाली, "साखर वाढली हे बी खरंच आहे म्हणा."
दुपारी श्रीखंड मी खाल्लं नाही. तिनं टोमणा मारला, "आता उपास करून काय उपयोग."

२ एप्रिल, बुध.
सु. बोलते, पण कामापुरतं. पहाटे सव्वापाचला उठलो, म्हटलं फिरायला येतेस का. आली. काल आणि आज. मुकुंदवाडी स्टेशनपर्यंत आणि परत. ती माझ्यापुढं चालते, दोन पावलं. मी गाठली की वेग वाढवते.
हे मी आधी केलं असतं तर. असो. "असतं तर"चं पान भरतं, दिवस भरत नाही.

९ एप्रिल, बुध.
बनसोडे बाईंच्या भाच्याला सायकल हवी आहे. सु.ला विचारलं, काय सांगू? "मला काय विचारता? तुम्हीच आणली, तुम्हीच वायर काढली, तुम्हीच जोडली." बरोबर आहे. म्हणून सांगितलं, तुझी आहे, तू सांगेपर्यंत कुणाला देणार नाही. ती म्हणाली, "बघू."
भाच्याला "नाही" असं कळवलं.

२१ एप्रिल, सोम.
प्लॅस्टर निघालं. हात बारीक झालाय, रंग वेगळा, दुसऱ्याच बाईचा लावल्यासारखा. ती मूठ मिटून उघडून बघत होती. डॉक्टर म्हणाले, हलका व्यायाम, वजन नको. साखरेची तपासणी पुढच्या आठवड्यात. काय येईल ते येवो. मी आकडा तिच्या आधी बघणार नाही, एवढं ठरवलंय. लहान गोष्ट आहे, पण रिपोर्टचं पाकीट आजवर मीच फोडत आलो.
पाणी दहा दिवस झाले, नाही.

२४ एप्रिल, गुरु.
रोज सायकल चार्जिंगला लावतो. कुणी चालवत नाही, बॅटरी भरलेलीच. तरी लावतो. सु. म्हणाली, "तिला बी श्रीखंड चारता का रोज?" बऱ्याच दिवसांनी मला हसू आलं. ती हसली नाही.
जूनमध्ये शाळेला कशानं जाशील, विचारलं. "रिक्षा आहे की. जूनचं जूनला."

२७ एप्रिल, रवि.
ऊन उतरल्यावर सु. म्हणाली, "किल्ली कुठंय?"
खिळ्यालाच होती. दिली. चादर तिनंच काढली. ड्रेस घातलेला होता, म्हणजे दुपारीच ठरवलं असणार. डाव्या हातानं हँडल धरून बघितलं, सोडलं, पुन्हा धरलं. मी पायरीवर उभा. काही म्हणालो नाही, अगदी "सावकाश"सुद्धा नाही. कोपऱ्यापर्यंत चालत नेली आणि तिथून वळली. कशी निघाली ते दिसलं नाही. अंगठ्यानं की पायानं. मी कोपऱ्यापर्यंत जाऊ शकलो असतो.

पाऊण तास. या वेळात मी तीन वेळा पायरीवर आलो.

दिवेलागणीला परत आली. घामेजलेली होती, पण एप्रिल आहे, घाम सगळ्यांनाच येतो. टोपलीत दोन काकड्या आणि पेपरात गुंडाळलेली अबोली. सायकल शेडखाली लावली, किल्ली तशीच ठेवून आत गेली.
मी चार्जर घेऊन गेलो. डिस्प्ले पेटलेला होता.
"बघा की," मागून आवाज. दारात उभी होती. "किती काड्या गेल्यात बघा. पेडल मारलं का दांडी दाबली, लगेच कळंल तुम्हाला."

मी डिस्प्लेवर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हातानं किल्ली फिरवली. विझला. मग चार्जर लावला, चाचपडत.
वळून बघितलं तर ती तिथंच होती. हसली असं मला वाटलं. पण तिच्या मागं घरातला उजेड होता, नीट दिसलं नाही.